रेंजवर कोणी कोणाला टोकावं?

नेमबाजांमध्ये एक वाद कायम धुमसत असतो. एक बाजू म्हणते, रेंजवर हल्ली शिस्त उरलेली नाही. दोन व्हिडिओ बघून आलेले नवखे बंदूक काठीसारखी फिरवतात, त्यांना फैलावर घेतल्याशिवाय ते ताळ्यावर यायचे नाहीत. दुसरी बाजू म्हणते, रेंजवरची जुनी खोडं स्वतःला मालक समजतात. ऊठसूट शिकवायला येतात आणि नव्या माणसाचा पहिल्याच दिवशी असा पाणउतारा करतात की तो पुन्हा फिरकत नाही. मग दोन्हीकडून माणसांचे नमुने रंगवले जातात. महागडी रायफल आणि तिच्याहून महाग दुर्बीण घेऊन आलेला, पण ती झिरो कशी करतात, म्हणजे नेम आणि गोळी एका जागी कशी जुळवतात, याचा पत्ता नसलेला हौशी. दहा सेकंदांत मॅगझिन रिकामं करणारा वीर. स्वतः चार गोळ्या झाडून उरलेला वेळ शेजारच्याला शहाणं करण्यात घालवणारा गुरुजी. हुकलेल्या प्रत्येक गोळीचं खापर काडतुसांवर फोडणारा. दुसऱ्याच्या पायाशी पडलेल्या, झाडून झालेल्या काडतुसांच्या पुंगळ्यांवर डोळा ठेवून फिरणारा. चेष्टेपुरतं हे झकास आहे. पण वाद स्वभावांवर नेला की तो संपत नाही, कारण प्रत्येकाला दुसऱ्याचाच नमुना दिसतो. आणि कोणता स्वभाव रेंजवर चालतो, हा प्रश्नच चुकीचा आहे. बडबड्या माणूस काटेकोर असू शकतो, आणि शांत, गंभीर, सभ्य गृहस्थ आपल्या रायफलीची नळी अख्ख्या रांगेवरून फिरवू शकतो.

माझं म्हणणं असं. रेंजवरचं टोकणं दोन जातींचं असतं आणि त्यांची सरमिसळ झाल्यामुळे हा सगळा गोंधळ आहे. सुरक्षेबाबत कोणीही, कोणालाही, त्याच क्षणी टोकावं. तिथे वय, पदकं, हुद्दा काही बघू नये. नेमबाजीच्या तंत्राबाबत मात्र विचारल्याशिवाय कोणीही कोणाला काहीही सांगू नये. बहुतेक ठिकाणी चालतं नेमकं उलट. नवख्याची पकड कशी चुकते हे सांगायला तिघे धावतात, आणि क्लबमधल्या ज्येष्ठाने रायफल रॅकला लावताना नळी चौघांच्या पोटावरून नेली की तेच तिघे बुटाच्या नाड्या बांधायला वाकतात.

सुरक्षेत काय काय येतं, हे मोजक्या शब्दांत ठरवलं नाही तर ही विभागणी टिकणार नाही. नळीचं तोंड बटच्या, म्हणजे टार्गेटमागच्या मातीच्या बांधाच्या, दिशेला आहे का. साइट टार्गेटवर येईपर्यंत बोट ट्रिगरगार्डच्या बाहेर, फ्रेमच्या कडेला सरळ टेकलेलं आहे का. लाइन थंड, म्हणजे गोळीबार थांबवलेला, असताना मॅगझिन बाहेर, बोल्ट उघडा, चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या पोकळीत) ती रिकामी असल्याचं दाखवणारा फ्लॅग आणि माणूस रेषेच्या मागे आहे का. काडतूस त्याच बंदुकीचं आहे का. आणि बार फुसका गेला तर पुढचा बार थांबला का. एवढंच. टोपी कशी घातली, गोळ्या भराभर झाडल्या की सावकाश, बंदूक कोणत्या बनावटीची, यातलं काहीही या यादीत येत नाही.

अमेरिकी प्रशिक्षक जेफ कूपर यांनी रूढ केलेले चार नियम जगभर पाठ म्हटले जातात: प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं माना, जे नष्ट करायचं नाही त्याच्यावरून नळी नेऊ नका, साइट टार्गेटवर आल्याशिवाय बोट ट्रिगरवर नको, टार्गेट आणि त्याच्या मागे काय आहे ते ओळखा. या चौघांची खुबी ही, की ते एकमेकांवर चढवलेले आहेत. इजा व्हायची तर साधारणपणे एका वेळी दोन तरी मोडावे लागतात. बोट चुकून ट्रिगरवर गेलं पण नळी बटकडे होती, तर मातीत एक भोक पडतं. नळी शेजाऱ्यावरून गेली पण बोट बाहेर होतं, तर काहीच होत नाही. म्हणूनच टोकलेला माणूस हमखास विचारतो, ‘‘झालं का काही?’’ काही झालं नाही, कारण दुसरा नियम जागेवर होता. पण बोलून उपयोग होतो तो एकच नियम मोडलेला असतानाच. दुसरा मोडल्यावर बोलायला उसंत मिळत नाही. मग पहिल्याच मोडीला गप्प बसणं हा सभ्यपणा कसा?

लाइन थंड असतानाचा प्रसंग जवळून बघण्यासारखा आहे. सीझ फायर झालेला असतो, चार-पाच जण कागद बदलायला पुढे गेलेले असतात, आणि मागे एक जण टेबलाशी वाकून दुर्बिणीच्या माउंटचा स्क्रू आवळत असतो. मॅगझिन काढलेलं आहे, बोल्ट मागे आहे, त्याला शंभर टक्के खात्री आहे, आणि बहुधा त्याचं बरोबरही असतं. तरी तो चुकतोय. थंड लाइनवर बंदुकीला हात लावायचा नाही, हा नियम बंदूक भरलेली असेल म्हणून नसतो. पुढे गेलेल्यांची पाठ तुमच्याकडे असते आणि तुमची बंदूक रिकामी आहे हे त्यांना दिसू शकत नाही, म्हणून तो असतो. त्यांना जे दिसतं किंवा दिसायला हवं, ते एकच: टेबलापाशी कोणी नाही. त्यामुळे पुसणं, स्क्रू आवळणं, मॅगझिन भरणं, दुर्बिणीतून सहज डोकावणं, सगळं वर्ज्य. बंदुकीची केस उघडणंही वर्ज्य. केस लाइन गरम झाल्यावर, फायरिंग पॉइंटवर, नळीचं टोक पुढे येईल अशी ठेवून उघडायची. मागच्या बाकावर उघडली की बंदूक हातात घेऊन पुढे यावं लागतं, आणि त्या आठ पावलांत नळी कुठेकुठे फिरून येते ते बघणाऱ्यालाच कळतं.

आता विरुद्ध बाजूचा पहिला सबळ मुद्दा. अनुभवी माणसाला कालच्या पोराने का टोकावं? ज्याने आयुष्य या खेळात घालवलं, ज्याच्या हाताला बंदूक डोळे मिटूनही कळते, त्याला दर वेळी चेंबर दाखवायला लावणं हा अपमान नाही का? या म्हणण्यात तथ्य आहे. सवयीचा हात खरोखरच सुरक्षित असतो. अनुभवी नेमबाजाचं बोट आपोआप बाहेर राहतं, नळी आपोआप पुढे राहते. त्यासाठी त्याला विचार करावा लागत नाही. शिवाय प्रत्येक गोष्टीला नियम लावला की माणसं नियमांना कंटाळतात आणि महत्त्वाचा नियमही त्याच कंटाळ्यात वाहून जातो. हे सगळं मान्य.

पण सवय जशी चांगली लागते तशी वाईटही लागते, आणि वाईट सवय लागलेल्याला ती दिसत नाही. सेमीऑटो पिस्तूल रिकामं करण्याचा क्रम बघा. आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढून चेंबरमधला राउंड (काडतूस) बाहेर टाकायचा, स्लाइड मागे अडकवून ठेवायची, चेंबरमध्ये डोळ्याने बघायचं, बोटाने चाचपायचं. हाच क्रम उलटा झाला, म्हणजे आधी स्लाइड ओढली आणि मग मॅगझिन काढलं, तर पहिला राउंड टेबलावर पडतो, मॅगझिनमधला दुसरा चेंबरमध्ये चढतो, आणि मॅगझिन हातात आल्यामुळे पिस्तूल रिकामं वाटतं. राउंड बाहेर पडलेला डोळ्यांनी दिसलेला असतो, मॅगझिन खिशात असतं. याहून पक्की खात्री कोणती हवी? ही चूक नवख्याकडून क्वचित होते. त्याला पायऱ्या मोजूनच करायची सवय असते. ती होते घाईतल्या, बोलता बोलता रिकामं करणाऱ्या, हजार वेळा बरोबर केलेल्या माणसाकडून.

11 फेब्रुवारी 2006 रोजी टेक्सासमध्ये पक्ष्यांच्या शिकारीत अमेरिकेचे तेव्हाचे उपाध्यक्ष डिक चेनी उडत्या पक्ष्याच्या मागे वळले आणि त्यांच्या 28 गेजच्या शॉटगनचे छर्रे त्यांच्याच 78 वर्षांच्या सोबत्याच्या चेहऱ्यावर, मानेवर आणि छातीत घुसले. चेनी नवशिके नव्हते. पक्ष्याबरोबर बंदूक फिरवताना आपल्या ठरलेल्या पट्ट्याच्या बाहेर जायचं नाही, हा शॉटगनचा पहिला धडा आहे. पण खरा बघण्यासारखा भाग त्याच्यापुढचा. यजमानांकडून सुरुवातीला सांगण्यात आलं ते असं, की मागून आलेल्या सोबत्यानेच आपण येत असल्याची हाळी दिली नव्हती. आणि ज्याला गोळी लागली त्या गृहस्थांनी रुग्णालयातून बाहेर आल्यावर चेनी कुटुंबाला जे सोसावं लागलं त्याबद्दल खेद व्यक्त केला. ट्रिगर आपण ओढला ही जबाबदारी चेनींनी चार दिवसांनी मुलाखतीत स्वतःवर घेतली, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं. पण तोवर दोषाचा ओघ कुठल्या दिशेने वाहिला? हुद्द्याच्या उताराने, खाली. रेंजवर ज्येष्ठांना टोकायचं नाही असा अलिखित संकेत असला की हेच होतं, फक्त वर्तमानपत्रात येत नाही.

अपमान वाटण्याचा हा रोग बंदुकीपुरता नाही. व्हिएन्नाच्या इस्पितळात 1847 मध्ये इग्नाझ सेमेलवाइस यांनी शवविच्छेदन करून येणाऱ्या डॉक्टरांना प्रसूतिकक्षात शिरण्यापूर्वी क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले, आणि बाळंतरोगाने होणारे मृत्यू झपाट्याने घटले. तरीही अनेक नामवंतांना ती सूचना झोंबली. आपल्या हातांनी मरण वाहून नेलं असेल, हे त्यांना पटेना. रेंजवर ‘‘चेंबर दाखवा’’ म्हटल्यावर ज्याच्या कपाळाला आठी पडते, तो नेमका याच जागी उभा असतो. त्याला वाटतं, प्रश्न माझ्या लायकीचा आहे. प्रश्न फक्त चेंबरचा असतो.

म्हणून बंदूक हातातून हातात देण्याची रीत दोघांनी तपासण्याची आहे. देणारा बोल्ट उघडून, बघून, उघड्या बोल्टनेच देतो. घेणारा, देणाऱ्याला बघताना बघितलं असलं तरी, पुन्हा स्वतः बघतो. यात अविश्वास नाही. 2021 मध्ये न्यू मेक्सिकोत एका चित्रपटाच्या सेटवर ‘रिकामी’ म्हणून पुकारा झालेल्या रिव्हॉल्व्हरमधून खरी गोळी सुटली आणि छायाचित्रणकार महिला मरण पावली. पुकारा ऐकून चालण्याऐवजी प्रत्येक हाताने सिलिंडर उघडून एकेक काडतूस तपासलं असतं तर तो खरा राउंड वाटेतच सापडला असता.

स्पर्धांनी हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे. ऑलिम्पिक पद्धतीच्या नेमबाजीत बंदूक वापरात नसताना चेंबरमध्ये भडक रंगाचा फ्लॅग असावाच लागतो. एअर रायफललाही तो पूर्ण नळीभर लागतो. आयपीएससी या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या प्रॅक्टिकल नेमबाजीत नळी 90 अंशांच्या पलीकडे वळली, पिस्तूल हातातून पडलं किंवा नको तेव्हा गोळी सुटली, की त्या माणसापुरता तो सामना संपला. विश्वविजेता असो की पहिली स्पर्धा खेळणारा, वागणूक एकच. पडलेलं पिस्तूल उचलायचं नाही, ते अधिकारी उचलतो. पडतं पिस्तूल झेलायला तर मुळीच जायचं नाही, कारण हवेत झेलताना बोट नेमकं ट्रिगरमध्ये घुसतं. आधुनिक पिस्तुलं जमिनीवर आदळून सहसा सुटत नाहीत, झेलणाऱ्या हातात सुटतात. या स्पर्धांतले दिग्गज घरी पाठवले जातात आणि पुढच्या वेळी पुन्हा येतात. कोणाची अब्रू गेल्याचं ऐकिवात नाही. मग क्लबच्या रेंजवरच ती एवढी नाजूक का असावी?

टोकण्याला दर्जाची आडकाठी असली की काय होतं, याचं सर्वांत महागडं उदाहरण विमान वाहतुकीत आहे. 27 मार्च 1977 रोजी टेनेरिफच्या धावपट्टीवर दाट धुक्यात दोन बोइंग 747 एकमेकांवर आदळली, 583 माणसं मेली. उड्डाणाची परवानगी नसताना निघालेल्या केएलएमच्या विमानाचा कॅप्टन कंपनीतला अत्यंत ज्येष्ठ प्रशिक्षक होता. समोरचं विमान धावपट्टीवरून बाजूला झालंय ना, अशी शंका त्याच्या फ्लाइट इंजिनियरने बोलून दाखवली होती. कॅप्टनने ठाम होकार दिला आणि विषय संपला. अशा अपघातांतून पुढे वैमानिकांच्या प्रशिक्षणात एक नवी शाखाच उभी राहिली. कनिष्ठाने शंका कशी मांडायची आणि ज्येष्ठाने ती कशी ऐकायची, हे तिथे शिकवलं जातं, गृहीत धरलं जात नाही. चांगल्या रेंजवरचा सीझ फायरचा नियम त्याच शहाणपणाचा आहे. थांबवण्याचा हक्क सगळ्यांना, चालू करण्याचा फक्त रेंज ऑफिसरला. पहिल्यांदा आलेल्या पोराने ‘‘सीझ फायर’’ म्हटलं तरी सगळ्यांनी थांबायचं. का थांबलो ते नंतर. आणि कारण फुसकं निघालं तरी त्या पोराला हसायचं नाही. एकदा हसलात की तो दुसऱ्यांदा ओरडणार नाही, आणि दुसऱ्यांदाचं कारण कदाचित खरं असेल.

शेजाऱ्यानेच टोकलं पाहिजे असा एक प्रसंग तर प्रत्येकाला ठाऊक असायला हवा. काडतुसात दारू पडायची राहिली असेल तर फक्त प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारी बुडाची टोपी, फुटतो. आवाज दबका येतो, धक्का जाणवत नाही, आणि गोळी नळीत काही इंचांवर अडकून बसते. सेमीऑटोची स्लाइड नीट फिरत नाही, त्यामुळे झाडणाऱ्याला वाटतं साधा जॅम आहे. हाताला लागलेल्या सवयीने तो मॅगझिनच्या बुडाला थाप मारतो, स्लाइड ओढतो, पुढचा राउंड चढवतो. आता ट्रिगर ओढला तर मागची गोळी पुढच्या गोळीवर आदळेल आणि नळी फुगेल किंवा फुटेल. भरभर झाडण्याच्या नादात त्याला जो फरक कळला नाही तो शेजारच्या लेनमधल्याला कानाने स्वच्छ कळतो. इथे ‘‘माझा काय संबंध’’ म्हणणारा सभ्य नव्हे. थांबवायचं, बंदूक रिकामी करायची, चेंबर रिकामा आहे याची खात्री झाल्यावर नळीतून रॉड घालून बघायचं. याच्या उलट, ट्रिगर ओढल्यावर नुसताच ‘क्लिक’ झाला तर लगेच बोल्ट उघडायचा नाही. नळी बटकडे धरून किमान 30 सेकंद थांबायचं, कारण दारू उशिराने पेटू शकते. शॉटगनवाल्यांचा धोका आणखी वेगळा. तिथे गेजचा आकडा मोठा तितकी नळी अरुंद. 20 गेजचं काडतूस 12 गेजच्या नळीत टाकलं तर ते चेंबरमध्ये न थांबता पुढे सरकून अडकतं. नळी रिकामी दिसते, मागून 12 गेजचं आरामात भरता येतं. परिणाम सांगायला नको. 20 गेजची काडतुसं पिवळी करण्याची प्रथा याचसाठी पडली. शेजाऱ्याच्या एकाच खिशात दोन रंग दिसले तर सांगण्यात शिष्टाचाराचा भंग कसला?

दुसरा विरोधी मुद्दा मला पहिल्यापेक्षा भारी वाटतो. टोकण्याची मुभा सर्वांना दिली की स्वयंघोषित हवालदार तयार होतात. त्यांच्या तावडीत सापडतात ते नवखे, आणि त्यांतही बायका अधिक. ‘सुरक्षा’ हा शब्द मग अंगावर धावून जाण्याचा परवाना होतो. हे घडतं, सर्रास घडतं, आणि त्यामुळे चांगली माणसं या खेळाला मुकतात. पण यावर सगळ्यांनीच गप्प बसणं हा उपाय होत नाही. उपाय टोकण्याच्या पद्धतीत आहे, आणि ती पद्धत सौजन्यासाठी जितकी लागते तितकीच जीव वाचवण्यासाठीही.

कानावर मफ लावलेल्या, हातात भरलेलं पिस्तूल असलेल्या माणसावर मागून ओरडलं तर तो काय करतो? आवाजाच्या दिशेने वळतो. पिस्तुलासकट. खांद्यावर अचानक थाप मारली तर दचकतो, आणि दचकलेल्या हाताची मूठ आवळते. म्हणजे खेकसणारा ज्या धोक्यापासून वाचवायला आला तोच धोका तो निर्माण करतो. बरोबर रीत अशी: त्याच्या मागे, बंदुकीच्या हाताच्या बाजूला, हाताच्या अंतरावर जायचं. एकच शब्द, मोठ्याने पण सपाट आवाजात, ‘‘थांबा.’’ बंदूक बटकडेच राहू द्यायची. बंदूक टेबलावर गेल्यावर मफ बाजूला करून एका वाक्यात सांगायचं: ‘‘तुमचं बोट आत होतं.’’ तुम्ही निष्काळजी आहात, असं नव्हे. बोट आत होतं. माणसाबद्दल बोललं की तो भांडतो, बोटाबद्दल बोललं की तो बोटाकडे बघतो. आणि टोकलेल्याचं उत्तरही तेवढंच छोटं असावं. ‘‘बरोबर, धन्यवाद.’’ खुलासा नको, आपल्या अनुभवाचा इतिहास नको.

शिवाय नवख्याच्या बऱ्याचशा चुका निष्काळजीपणाच्या नसतात, शरीराच्या रचनेच्या असतात. उजव्या हातात पिस्तूल धरून डाव्या हाताने कडक स्लाइड ओढायची तर सगळ्यात सोयीची स्थिती कोणती? पिस्तूल छातीसमोर आडवं, नळी डावीकडे. म्हणजे थेट डाव्या शेजाऱ्याकडे. त्याला ‘‘नळी सांभाळ’’ असं दहा वेळा ओरडून काही होत नाही, कारण समोर धरून स्लाइड ओढण्याइतका जोर त्याच्यापाशी नसतो. त्याला सांगायचं: पिस्तूल फिरवू नका, स्वतः उजवीकडे काटकोनात वळा. डावा खांदा बटकडे आला की पिस्तूल छातीसमोर आडवंच राहतं, पण नळी पुढे असते. एका वाक्याने प्रश्न मिटतो. दुसरी नेहमीची चूक आनंदाची. पहिली गोळी टार्गेटच्या काळ्या गोलात लागली की माणूस हसत मागे वळून सोबत्याकडे बघतो, आणि हात शरीराबरोबर वळतो. ही चूक होणार हे आधीच माहीत असतं, म्हणून पहिल्या काही वेळा मॅगझिनमध्ये एकच राउंड भरायचा. गोळी सुटली की पिस्तूल रिकामं. मग वळला तरी हातात भरलेलं शस्त्र नाही. एकाची सवय झाली की दोन, मग पुढे. 2014 मध्ये ॲरिझोनातल्या एका रेंजवर 9 वर्षांच्या मुलीच्या हातात पूर्ण स्वयंचलित उझी दिली गेली. धक्क्याने नळी वर चढत गेली आणि शेजारी उभा असलेला प्रशिक्षक मृत्युमुखी पडला. दोष त्या मुलीचा म्हणणार का? नवख्याला घेऊन येणाऱ्याची जबाबदारी नवख्यापेक्षा मोठी आहे. आणि आणणाऱ्यांची एक आवडती गंमत असते, पहिल्यांदाच आलेल्याला सर्वांत दणदणीत धक्क्याची बंदूक देऊन त्याची फजिती मोबाइलमध्ये टिपायची. तिच्यासाठी माझ्याकडे सौम्य शब्द नाही.

आता तंत्राचा सल्ला. इथे मी गप्प बसा म्हणतो, आणि गुरुजी मंडळींचा आक्षेप असा की मग नव्याने शिकायचं कसं? सांगितलं नाही तर चुकीची सवय पक्की होईल. खरं आहे, चुकीचा ट्रिगर एकदा बोटात बसला की काढायला फार दिवस लागतात. पण न मागता दिलेला सल्ला बहुतेक वेळा चुकीचाही असतो, आणि त्यामागची कारणं अगदी साधी आहेत. गोळ्या डावीकडे खाली जातायत हे दिसलं की सल्लागार लगेच निदान करतो: ट्रिगर झटकताय. ते पिस्तूल झिरो केलंय का, माणूस डावखुरा आहे का, त्याचा डावा डोळा प्रबळ आहे का, त्याने मुद्दाम साइट बदलून बघायला घेतलंय का, हे त्याने विचारलेलं नसतं. भिंतीवर टांगलेला तो चुका ओळखायचा गोल तक्ता उजव्या हाताने, एका हाताने पिस्तूल चालवणाऱ्यांसाठी केलेला आहे. दोन हातांच्या पकडीला किंवा डावखुऱ्याला तो जसाच्या तसा लावला की रोग एकीकडे आणि औषध दुसरीकडे. त्यात तीन सल्लागारांची तीन मतं. एक म्हणतो श्वास अर्धा सोडून धर, दुसरा म्हणतो पूर्ण सोड, तिसऱ्याला पायांची जागाच पसंत नाही.

आणि सल्ला बरोबर असला तरी त्याची वेळ चुकलेली असते. 10 मीटर एअर रायफलमध्ये दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा असतो. तिथे नेमबाजाचं मन एका वेळी एकच गोष्ट धरू शकतं. 2004 च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनच्या (पडून, गुडघ्यावर आणि उभं राहून झाडायच्या) रायफल स्पर्धेच्या अंतिम फेरीत अमेरिकेचा मॅट एमन्स शेवटच्या गोळीला आघाडीवर होता. साधारण गुण मिळाले असते तरी सुवर्ण त्याचं होतं. स्वतःला शांत करण्यात तो इतका गुंतला की लेनचा नंबर बघायचा राहून गेला. गोळी सुरेख लागली, फक्त शेजारच्या टार्गेटवर. गुण शून्य, स्थान आठवं. इतक्या कसलेल्या माणसाच्या डोक्यातून एक जादा विचार एवढी मूलभूत पायरी पुसून टाकतो, तर नुकताच शिकणारा माणूस नेम धरत असताना ‘‘कोपर आत घ्या’’ असं कानाशी सांगून आपण त्याचं काय भलं करतो? सांगायचंच असेल तर सिरीज संपू द्या, बंदूक खाली जाऊ द्या, आणि आधी विचारा, ‘‘एक सुचवू का?’’ नको म्हटलं तर नको.

या दोन टोकांच्या मध्ये शेजारधर्माच्या गोष्टी येतात, आणि त्यांना फार शब्द लागत नाहीत. रायफलीच्या तोंडाशी धक्का कमी करणारा मझल ब्रेक असेल तर वायूचा झोत बाजूला जातो. कडेची लेन घ्या, नाहीतर शेजाऱ्याला आधी सांगा. पुंगळ्या उजवीकडे उडत असतील तर मध्ये पडदा लावा. गरम पुंगळी कॉलरमध्ये गेलेला माणूस नाचतो, आणि नाचताना त्याच्या हातात बंदूक असते; म्हणून बंद गळ्याचा शर्ट. पुंगळ्या ज्याने झाडल्या त्याच्या, विचारून घ्या, आणि लाइन गरम असताना रेषेपुढची एकही उचलायची नाही. बंद रेंजवर प्रायमर आणि गोळीतल्या शिशाची बारीक धूळ साचते. कोरड्या केरसुणीने झाडू नका, लाइनवर खाऊ नका, जाताना साबणाने हात धुवा. आपली गोळी दुसऱ्याच्या कागदावर गेली तर स्वतःहून सांगा. स्पर्धेच्या नियमांत अशी गोळी मारणाऱ्याला शून्य मिळतं आणि ज्याच्या टार्गेटवर ती आली त्याला शंकेचा फायदा मिळतो. सरावातही न्याय तोच.

शेवटचा आक्षेप व्यवहारातला आहे. हे सगळं रेंज ऑफिसर असेल तिथे ठीक, पण जिथे कोणी अधिकारीच नसतो, चार अनोळखी माणसं आपापल्या बंदुका घेऊन येतात, तिथे कोण कोणाचं ऐकणार? उलट अशा ठिकाणीच हे सगळ्यात सोपं आहे, फक्त पहिल्या गोळीआधी बोलायला हवं. हजर असलेल्यांपैकी एकाने पुकारे द्यायचे, असं नाव घेऊन ठरवायचं. सर्वांत अनुभवी माणूसच हवा असं नाही. ज्याला कमी गोळ्या झाडायच्या आहेत तो बरा, त्याचं लक्ष मोकळं असतं. लाइन थंड आणि गरम करण्याचे शब्द सगळ्यांनी एकदा मोठ्याने म्हणून घ्यायचे, कारण प्रत्येकाच्या रेंजची बोली वेगळी असते. लाइन थंड म्हटल्यावर प्रत्येकाने शेजारच्याचं चेंबर बघायचं, स्वतःचं नव्हे. स्वतःचं बघून झालेलंच असतं. नवा माणूस आला की त्याने सरळ टेबलाशी न जाता मागे थांबून विचारायचं, ‘‘लाइन गरम आहे का, पुकारे कोण देतंय?’’ आणि पुकारे देणारा निघाला की त्याने आपली केस भरण्याआधी लाइन थंड करून, पुढे कोण बघणार ते सगळ्यांसमोर सांगून मगच निघायचं.